एकटीचा विमा

वाचनालयाच्या तळमजल्यावर, जुन्या मासिकांच्या कपाटाला पाठ लावून माझं टेबल असतं. एक संगणक, दर बुधवारी हमखास कागद खाणारा प्रिंटर, समोर दोन खुर्च्या आणि वर पाटी : ‘आरोग्य विमा मदत कक्ष’. पाटी कुणी वाचत नाही. लोक थेट ‘फॉर्मवाल्या ताई कुठं बसतात?’ असं विचारत येतात. अकरा वर्षं मी इथं बसते आहे. दिवस भरत आलेल्या बायका, मणका सरकलेले हमाल, गाल धरून आलेले मास्तर, सगळ्यांचे फॉर्म भरलेत. माझं अक्षर बरं आहे आणि मला राग उशिरा येतो, एवढ्या भांडवलावर ही नोकरी टिकली.

ही गोष्ट काटेवाल्या काकांची आणि काकूंची. मी ती आजवर कुणाला सांगितलेली नाही.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक दुकानाचा काटा त्यांच्या हाताखालून गेलेला. तीस वर्षं ते काट्यांच्या कारखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा थोडंसं पेन्शन मिळालं आणि त्यांनी गल्लीच्या तोंडाशी छोटं दुकान टाकलं. खाली काम, वर सामान ठेवायला पोटमाळा. माणूस ताडमाड उंच, बोटांना कायम ग्रीसचा वास. काकू त्यांच्या खांद्यालाही लागायच्या नाहीत. वीस वर्षं त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण रांधलं होतं, त्यामुळे हळू बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळी चार तास. सगळा खर्च विम्यातून व्हायचा आणि विम्याच्या हप्त्याला सरकारी सवलत होती, म्हणून भागत होतं.

दरवर्षी नूतनीकरणाला दोघं जोडीनं यायची. फिरायला निघाल्यासारखी, स्वच्छ कपडे घालून. फॉर्ममध्ये वजनाचा रकाना आला की काकू म्हणायच्या, “ह्यांना विचारा. मला पाहायला आले तेव्हा चहा प्यायच्या आधी माझं वजन सांगितलं होतं ह्यांनी. आमच्या बाबांना वाटलं, मुलगा वेडा आहे.”

“बरोबर होतं ना पण?” काका म्हणायचे.

“दोन किलो जास्त सांगितलंत.”

“दोन किलो तू मागाहून लपवलेस.”

मी हसायचे, रांगेतले लोकही हसायचे.

मग नवा नियम आला. नियम तसा दोन ओळींचा. पहिली ओळ, घरातल्या सगळ्यांची मिळून कमाई अमुक एका मर्यादेच्या वर गेली की सवलत बंद, पूर्ण हप्ता खिशातून. दुसरी ओळ, पासष्टीच्या आतल्या धडधाकट माणसानं महिन्याला ऐंशी तास काम केल्याचा पुरावा द्यायचा, नाहीतर त्या घराची सवलत जाणार. नऊ महिन्यांनी, नवीन वर्षापासून लागू. त्या आठवड्यात वाचनालयाच्या जिन्यापर्यंत रांग गेली. लोक घाबरून बँकेचे कागद पिशव्यांत भरून आणत होते.

काका-काकू आले तेव्हा मी त्यांची कमाई संगणकात भरली आणि लाल चौकट उमटली. पेन्शन आणि दुकान मिळून मर्यादेच्या जरासं वर जात होतं.

“जरासं म्हणजे किती?” काकांनी विचारलं.

मी सांगितलं.

“ह्याला आम्ही चूक धरत नाही,” ते म्हणाले. “माशी बसली तरी काटा एवढा हलतो.”

“पूर्ण हप्ता किती पडेल?” काकूंनी विचारलं. मी आकडा कागदावर लिहून कागद फिरवला. त्यांच्या महिन्याच्या मिळकतीतला निम्म्याहून मोठा भाग. 

“मग दुकान बंद करतो,” काका म्हणाले. “नुसत्या पेन्शनवर आलो तर मर्यादेच्या आत येतो की.”

“येता. पण मग तुमचे ऐंशी तास भरत नाहीत. तुम्ही एकसष्टचे आहात.”

“निम्मा दिवस उघडतो.”

“निम्मा दिवस म्हणजेच ऐंशी तास, काका. मी तोच हिशेब धरलाय, तरीही वर जातं.”

ते खुर्चीत मागे टेकले. “म्हणजे काम केलं तर मी श्रीमंत, आणि नाही केलं तर आळशी.”

“इकडे आड, तिकडे विहीर,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“आणि मध्ये मी,” काकू म्हणाल्या. त्या दिवशी रांगेतलं कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच काका एकटे दारात उभे होते. मी कुलूप काढेपर्यंत त्यांना दम नव्हता.

“ताई, एक विचारू? नुसतं विचारतोय. ही एकटी असती तर?”

“एकटी म्हणजे?”

“एकटी राहणारी. कमाई नसलेली. आजारी.”

आमच्या कचेरीचा एक दंडक आहे. आपण नियम सांगायचा, सल्ला द्यायचा नाही. वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी नियम सांगितला. “आजारी असल्यामुळे कामाची अट नाही. कमाई नाही म्हणून हप्ताही नाही. सगळं मोफत.”

“डायलिसिससकट?”

“सगळंच.”

“आणि एकटी कशी ठरवतात?”

मला कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. मी म्हणाले, “विधवा, अविवाहित किंवा घटस्फोटित. आणि पत्ता वेगळा हवा. पडताळणीला माणूस घरी येतो.”

त्यांनी मान हलवली. एखाद्या दुकानदारानं काट्यातला बिघाड सांगावा आणि त्यांनी मनात तो नोंदवून घ्यावा, तशी. आभार मानून निघून गेले.

पुढचं मला काकूंनी नंतर सांगितलं. तीन आठवडे त्या काकांशी धड बोलल्या नाहीत. आधी त्यांना वाटलं, थट्टा आहे. मग वाटलं, म्हातारपणी ह्यांना चळ लागलाय. “मी म्हटलं, मेले तरी चालेल पण हे नाही. लोक काय म्हणतील? तर म्हणतात कसे, ‘लोक तुझं रक्त शुद्ध करून देणार आहेत का?’ मी ताट आपटलं. आयुष्यात पहिल्यांदा अन्नाचं ताट आपटलं, ताई.” त्या रडत नव्हत्या, चिडलेल्या होत्या. “मग म्हणाले, ‘तू गेलीस तर कागदावरचा नवरा घेऊन मी काय करू?’ मग मी म्हटलं, चला वकिलाकडे.”

लेकीला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. ती लांब राहते, दीड दिवसाच्या प्रवासावर. तिचं स्वतःचं ओढगस्तीचं चाललेलं. कळलं असतं तर ती सासरच्यांशी भांडून पैसे पाठवत बसली असती.

कोर्टात मी गेले नव्हते, पण तिथले वकील वाचनालयात येतात, त्यांच्याकडून ऐकलं. दोघंही बाकावर शेजारी-शेजारी बसली होती. काकूंच्या पाठीला टेकू म्हणून काकांनी घरून उशी आणलेली. अधूनमधून पाण्याची बाटली पुढं करायचे, तीही मोजून, कारण डायलिसिसवाल्यांना पाणी बेतानंच द्यावं लागतं. शेवटी वकील वैतागून म्हणाले, “अहो, जरा लांब बसा! तुमचं पटत नाही ना?” तेव्हा काका उठून समोरच्या बाकावर गेले आणि उशी मात्र तिथंच ठेवली.

न्यायाधीशांनी काकूंना विचारलं, “एवढ्या वर्षांनी का?” शिकवून ठेवलं होतं, ‘पटत नाही’ म्हणायचं. काकूंना शब्दच फुटेना. दोनशे पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई, आवाज जाऊन उभी राहिली. न्यायाधीशांना वाटलं, नवऱ्यानं फार छळलं असणार. त्यांनी काकांकडे अशा नजरेनं पाहिलं की ते खाली मान घालून म्हणाले, “चूक माझीच आहे, साहेब.”

सहा महिन्यांनी कागद हातात पडला. काका त्यांची ट्रंक आणि एक गादी घेऊन दुकानाच्या पोटमाळ्यावर गेले. त्या पोटमाळ्यात मला सरळ उभं राहता येत नाही, मग त्यांचं काय होत असेल? ते गुडघ्यांवर चालायचे.

नवीन वर्षी काकूंचा अर्ज मंजूर झाला. मोफत. त्याच दिवशी मी काकांचाही वेगळा अर्ज भरला. एकट्या माणसासाठी मर्यादा आणखी खाली होती, त्यामुळे त्यांना सवलत नव्हती, पण एकट्याचा हप्ता तरी बेताचा होता. पावती छापून त्यांच्या हातात दिली. “तीस दिवसांत पहिला हप्ता भरा. नाही भरला तर अर्ज आपोआप रद्द होतो.”

“भरतो की,” ते म्हणाले आणि पावतीची चौपदरी घडी करून वरच्या खिशात ठेवली.

पडताळणीला बाई आल्या त्याची हकीकत काकूंनी मला इथं खुर्चीत बसून साभिनय सांगितली होती. काकूंच्या नळाला गळती लागलेली. काका पाना घेऊन मोरीत बसलेले, आणि दारात पडताळणीच्या बाई. काकू आतून ओरडल्या, “अहो, कोण आलंय बघा!” आणि ओरडल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

बाईंनी वहीतून डोकं वर केलं. “हे कोण?”

“नळ दुरुस्त करायला आलेत.”

“तुम्ही त्यांना ‘अहो’ म्हणालात.”

“मग काय ‘अरे’ म्हणू? वयानं मोठे आहेत.”

काका मोरीतून उठले, पाना पुसला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “काम झालंय, बाई. वायसर बदलावं लागेल, उद्या येतो.” आणि आपल्याच घरातून पाहुण्यासारखे बाहेर पडले. काकू सांगताना इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की हसता हसता मध्येच थांबल्या आणि पिशवीत रुमाल शोधू लागल्या. मी प्रिंटरकडे बघत राहिले.

तसं ते वर्ष निभावलं. दवाखान्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार. काका दुकानाला कुलूप लावून तिथं जायचे आणि बाहेरच्या बाकावर चार तास बसायचे. परिचारिकांना सगळं माहीत होतं, पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. काकू डबा करायच्या आणि दवाखान्यातच त्यांच्या हातात द्यायच्या. घरी दोन खोल्या रिकाम्या आणि इथं बाकावर संसार. काकूंची तब्येत सुधारली होती. गालांवर जरा मांस आलं. काका मात्र वाळत चालले होते. मी विचारलं तर म्हणाले, “माझ्या हातचा चहा पितो ना, त्याचा परिणाम.”

मी त्यांना विचारायचे, “काका, हप्ता भरताय ना?”

“भरतोय हो.”

तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर मिळालं. त्यांचा क्रमांक संगणकात घातला असता तर पळभरात कळलं असतं. बारा आकडे. रोज मी असे शंभर क्रमांक घालते. त्यांचा घातला नाही, कारण रांग होती, कारण ते काका होते, कारण ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची मापं खरी केली त्याचा शब्द तपासणं मला अपमान केल्यासारखं वाटलं असतं. कारणं पुष्कळ आहेत. मी ती पाठ केलेली आहेत.

एका गुरुवारी सकाळी दुकान उघडलं नाही. शेजारी खिळे-बिजागऱ्या विकणाऱ्याचं दुकान आहे. त्यानं दहापर्यंत वाट पाहिली, मग शिडी लावून पोटमाळ्याच्या झरोक्यातून डोकावला. काका गादीवर कुशीला होते. अंगावर सदरा घातलेला, पायांत एक मोजा. दुसरा हातात.

काकूंनी मला फोन केला. त्यांच्याकडे फारसे नंबरच नव्हते. लेक, दवाखाना आणि मी. मी वाचनालयाच्या दारावर ‘आज बंद’ चिकटवलं आणि गेले.

एकटा राहणारा माणूस गेला म्हणून पोलिसांनी देह सरकारी दवाखान्यात तपासणीला नेला होता. दुपारी दीडला तिथल्या खिडकीशी आम्ही उभ्या होतो. मागं पत्र्याची बाकं, भिंतीवर हात धुण्याच्या सूचना. खिडकीतला कारकून तरुण होता, आणि वाईट नव्हता. त्यानं काकूंना आधी बसायला सांगितलं.

“आपण कोण त्यांच्या?”

“बायको,” काकू म्हणाल्या. त्या ‘अहो’नंतर वर्षभर एकदाही चुकल्या नव्हत्या. इतरांसमोर काका म्हणजे ‘ते दुकानवाले’. त्या क्षणी शब्द आपोआप निघाला.

त्यानं संगणकात पाहिलं. मी त्याचा चेहरा बघत होते. मी स्वतः रोज असाच चेहरा करते, पडद्यावर एक आणि समोर दुसरंच असलं की.

“इथं घटस्फोट झाल्याची नोंद आहे, आजी.”



“रक्ताचं नातं असलेलं कुणी आहे का?”

“मुलगी आहे,” मी म्हणाले. “निघालीय. उद्या रात्रीपर्यंत पोचेल.”

“मग परवा सकाळी या. सही त्यांचीच लागेल.”

“तोवर मला बघता येईल का?” काकूंनी विचारलं.

तो घुटमळला. आत जाऊन कुणाशी तरी बोलून आला. “ओळख पटवायला म्हणून पाच मिनिटं सोडतो.”

काकूंचा हात धरून मीही आत गेले. त्यांनी काकांच्या तोंडावरून हात फिरवला. मग खाली सरकून पाय पाहिले. मोजा अजूनही एकाच पायात होता. “दुसरा कुठं आहे?” त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, सामानाच्या पिशवीत असेल. “तो घाला,” काकू म्हणाल्या. “ह्यांना थंडी पायांतून भरते.” त्या माणसानं खरंच पिशवी शोधून मोजा आणला. काकूंनी तो स्वतः घातला. पाय आखडलेला होता, वेळ लागला. पाच मिनिटांची पंधरा झाली तरी कुणी काही बोललं नाही.

दुसरा दिवस शुक्रवार. डायलिसिसचा. काकू जायला तयार नव्हत्या. “आता कशासाठी?” एवढंच म्हणत होत्या. मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं. मशीनला जोडलेल्या असताना चार तास त्या छताकडे बघत होत्या, आणि बाहेरच्या बाकावर, जिथं काका बसायचे, तिथं मी बसले. तिथून काचेतून नेमकी त्यांची खाट दिसते, हे मला तेव्हा कळलं.

लेक शनिवारी सकाळी थेट दवाखान्यात आली. बापासारखीच उंच, प्रवासानं पार चुरगळलेली. आईच्या गळ्यात पडून रडली. मग खिडकीशी गेली, ओळखपत्र दिलं. कारकुनानं कागद पुढं केला आणि त्याला काय सुचलं कोण जाणे, समजावून सांगायला म्हणून म्हणाला, “आईंचा घटस्फोट झालेला असल्यामुळे तुमची सही लागतेय.”

ती वळली. मी आजही तो चेहरा विसरू शकत नाही.

“आई? काय म्हणतायत हे?”

काकू बाकावर बसून होत्या.

“तुम्ही भांडला होतात? बाबा पोटमाळ्यावर का राहत होते? मला सांगितलं, दुकानात चोऱ्या होतात म्हणून राखणीला झोपतो. आई, तू त्यांना घराबाहेर काढलं होतंस?”

“नाही गं.”

“मग?”

 मी सांगितलं. तिथं उभ्या उभ्या, मर्यादा, ऐंशी तास, हप्ता, सगळं. रोज दहा वेळा सांगते तसं. ते ऐकताना तिचा राग आईवरून उठून माझ्यावर येऊन बसलेला मला दिसला.

“हे तुम्ही शिकवलंत त्यांना?”

“मी नियम सांगितला.”

“नियम सांगितलात,” ती म्हणाली. “माझे आईबाप वेगळे केलेत, आणि म्हणता नियम सांगितला!”

“त्यांना काही बोलू नकोस,” काकू म्हणाल्या. त्यांचा तो स्वयंपाकघरातला आवाज, दोन दिवसांत पहिल्यांदाच. “तुझ्या बाबांनी ठरवलं. मला जगवायचं होतं त्यांना. मी जगलेय. आता सही कर, त्यांना इथं फार वेळ ठेवू नकोस.”

तिनं सही केली. 

सगळं उरकल्यावर, संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून घ्यायला मी आणि खिळेवाला गेलो. खिळेवाला म्हणाला, “दोन महिने छातीत कळा येत होत्या त्यांच्या. हातोडी खाली ठेवून भिंतीला टेकायचे. मी म्हटलं, दवाखान्यात दाखवा. तर म्हणायचे, गॅस आहे. मग एकदा म्हणाले, दाखवायला गेलो की पैसे लागतात, आणि घरभाडं द्यायचंय.” काकूंच्या घराचं भाडं. ते शेवटपर्यंत काकाच भरत होते.

मी वाचनालयात गेले. दिवा न लावता संगणक सुरू केला. बारा आकडे घातले.

‘हप्ता न भरल्याने रद्द.’ तारीख एकतिसाव्या दिवसाची. एकही हप्ता भरलेला नव्हता. आणि मी तीनदा विचारलं होतं.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. आता समोर बसणाऱ्या प्रत्येकाचा क्रमांक मी त्याच्यादेखत घालते. ‘भरलाय’ म्हणाला तरी घालते. लोक रागावतात. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, “तुमचा माझ्या शब्दावर विश्वास नाही?” मी म्हणाले, “नाही, सर.” वरिष्ठांकडे तक्रार गेली. त्यांनी मला बोलावून विचारलं की रांग एवढी हळू का सरकते. मी सांगितलं, प्रिंटर कागद खातो.

लेकीनं आईला आपल्याकडे चल म्हणून फार आग्रह केला. पण तिकडे गेलं की घरातल्या सगळ्यांची कमाई मिळून मोजली जाणार, आणि विमा जाणार. लेकीनं ते मला फोन करून विचारलं होतं, एका वाक्यात. मी एका वाक्यात उत्तर दिलं. तिनं फोन ठेवला.

काकांच्या दुकानातली अवजारं विकून आलेल्या पैशांतून लेकीनं घराचं वर्षभराचं भाडं भरून ठेवलं. मोठा काटा कुणी घेतला नाही, तो खिळेवाल्याकडे आहे.

मग पुन्हा नूतनीकरणाचे दिवस आले. सोमवारी सकाळी काकू एकट्या आल्या. बरोबर पाण्याची छोटी बाटली आणि दवाखान्याची पिशवी. दुपारी दोनचं डायलिसिस होतं. समोरच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर त्या बसल्या आणि दुसरीवर पिशवी ठेवली.

मी फॉर्म उघडला. नाव, जन्मतारीख, पत्ता. मग वैवाहिक स्थिती. मी मागच्या वर्षीचंच कायम ठेवून पुढं जाणार होते, पण त्यांचं लक्ष होतं.

“तिथं विधवा लिहा,” त्या म्हणाल्या.

मी हात थांबवला. “काकू, कोर्टाच्या कागदात...”

“मला माहिताय कागदात काय आहे. पण मी आहे ना विधवा?”

“आहात.”

“मग लिहा.”

मी त्यांना समजावलं. विधवा लिहिलं तर संगणक नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि लग्नाची नोंद जुळवून बघेल. जुळणार नाही. अर्ज चौकशीला जाईल. चौकशी किती महिने चालेल सांगता येत नाही, आणि तोवर विमा बंद. डायलिसिस बंद. हे सगळं मी सावकाश, हळू आवाजात सांगितलं, आणि सांगताना मला माझाच आवाज नकोसा झाला.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

“राहू दे मग,” त्या म्हणाल्या. “त्यांनी एवढं केलं, ते आता एका शब्दासाठी कशाला घालवू? जे आहे ते लिहा.”

मी ‘घटस्फोटित’वर खूण केली. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

मी कागद छापायला लावले. मग काकू म्हणाल्या, “ताई, एक विचारायचं राहूनच गेलंय. त्यांचा विमा होता ना? मला म्हणाले होते, ताईंनी फॉर्म भरून दिलाय, मी हप्ता भरतोय. मग दुखत होतं तर दवाखान्यात का नाही गेले?”

अकरा वर्षांत मी त्या खुर्चीतल्या माणसाला कधी खोटं सांगितलेलं नाही. वाईट बातमी असली तरी खरी सांगितली. लोक त्यासाठीच येतात माझ्याकडे.

“होता, काकू,” मी म्हणाले. “दुखणं अंगावर काढलं असेल.”

“तसेच होते ते,” त्या म्हणाल्या.  “मी असते तिथं, तर हात धरून नेलं असतं.”

मी पेन पुढं केलं. त्यांनी चष्मा लावला, जिथं बोट ठेवलं तिथं सही केली, आणि नाव नीट आलंय ना ते पुन्हा वाचून बघितलं. मग पिशवी उचलली. मी त्यांना दारापर्यंत सोडायला उठले, तर म्हणाल्या, “तुम्ही बसा. लोक खोळंबलेत.”

खिडकीतून मला त्या रस्ता ओलांडताना दिसल्या. दवाखान्याची बस यायला वेळ होता, तरी त्या भरभर चालत होत्या.